रंगारीणबाईंची टेप

१

पंपघर सांभाळणाऱ्या मावशीनं दार इतक्या जोरात वाजवलं की तपासनिसाच्या हातातलं गाळणं सिंकमध्ये पडलं.

"साहेब, रंगारीणबाई बोलत नाहीत हो!"

रंगारीणबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी मावशी काय म्हणतेय ते त्याला लगेच कळलं.

"टेप बिघडली?"

"बिघडली असती तर परवडलं असतं. उद्या ती मोठी माणसं यायची, म्हणून म्हटलं मशीन चालतंय का बघावं. ती टेप लावली. तर नुसतं पाणी! खळखळ, खळखळ. म्हटलं आता बोलतील, मग बोलतील. संपेपर्यंत कान लावून बसले. ना प्रश्न विचारणाऱ्या आमच्या बाई बोलल्या, ना रंगारीणबाई बोलल्या."

"डबी तीच होती?"

"डबी तीच. वर बाईंचंच अक्षर. आतली कॅसेट मात्र कोरी, नाव ना गाव. कुणीतरी आतला जीव काढून नेला आणि सोंग ठेवून गेला, साहेब."

"कुलूप?"

"जागच्या जागी."

तपासनिसानं चहा तसाच ठेवला. हा चहा त्याला बायकोनं शिकवला होता, मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, अगदी हट्टाला पेटून. चहा, अंडी, इस्त्री, गॅसवाल्याचा नंबर, गाद्यांच्या खोळी कुठल्या खणात. "मला घरकामाला ठेवणार आहेस की काय?" असं तो तेव्हा चेष्टेनं म्हणाला होता. आता घर त्यावरच चाललं होतं.

त्यानं चपला पायांत सरकवल्या. विमा कंपनीतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण लोक अजून त्याला तपासनीसच म्हणत. जळालेली गोदामं, चोरीला गेलेले दागिने, यांतलं खरं किती आणि खोटं किती हे बघण्यात त्याचा जन्म गेला होता. आज पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या घरचं काही गेलं होतं.

२

वस्तीच्या मधून एक ओढा वाहत असे. आता त्याचा बहुतेक भाग सिमेंटच्या स्लॅबखाली गेला होता. वर रस्ते, दुकानं, गाड्या. उघडं राहिलं होतं ते एकच वळण, जुन्या पंपघरामागचं, दगडी पायऱ्यांचं. त्या पंपघरात तपासनिसाच्या बायकोनं ओढ्याच्या आठवणी जमवल्या होत्या. ती शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं खांद्याला रेकॉर्डर अडकवला आणि घरोघर फिरायला लागली. कोण कुठे पोहायला शिकलं, पुराचं पाणी कुणाच्या कितव्या पायरीला लागलं, कोण फळीवरून ओढा ओलांडून लग्नाला गेलं. लोक बोलायचे आणि ती ऐकायची. सगळी वस्ती तिला बाई म्हणायची.

वसंतात ती गेली. तेव्हापासून तपासनिसानं एकही कॅसेट ऐकली नव्हती. प्रत्येक कॅसेटमध्ये प्रश्न विचारणारा आवाज तिचा होता, आणि तो ऐकायची त्याची छाती नव्हती. दवाखान्यात ती एकदा म्हणाली होती, "रंगारीणबाईंची टेप तेवढी तुम्ही ऐका." तो हो म्हणाला होता. झालं, तेवढ्यावरच राहिलं.

आणि आता नेमकी तीच टेप गेली होती.

उद्या सकाळी समिती येणार होती. उरलेलं वळण झाकायचं की उघडं ठेवायचं ते ठरणार होतं. पालिकेचं म्हणणं, हे काही जिवंत पाणी नव्हे, फुटक्या नळाची गळती आहे, झाका. वस्तीचं म्हणणं, इथे झरा आहे, नळ यायच्या आधीपासूनचा. हे डोळ्यांनी बघून सांगणारं एकच माणूस उरलं होतं, ती रंगारीणबाई, आणि तिचं सांगणं एकाच टेपवर होतं. कॉपी काढायचं रोज ठरत होतं आणि रोज राहत होतं.

पंपघरात तपासनीस पोचला तेव्हा बाईंचं काम पुढे चालवणारी तिघं आधीच आली होती.

इंजिनिअर साहेब खिडकीपाशी हाताची घडी घालून उभे. फोटोवाला भिंतीवर फोटो चिकटवता चिकटवता थांबलेला, दातांत चिकटपट्टी. आणि धाकटी, म्हणजे तपासनिसाची मेहुणी, बायकोची पाठची बहीण. कॅसेटवर क्रमांक घालणं, खोकी लावणं हे काम बहिणीमागे तीच बघत होती. तिचे डोळे सुजले होते.

"बसली बोंब!" इंजिनिअर साहेब म्हणाले. "मी महिनाभर सांगतोय, कॉपी काढा, कॉपी काढा."

"तुम्ही सांगताय हो, काढायला कोण गेलं?" फोटोवाला म्हणाला.

"मी जाऊ? माझं वय बघ!"

"जिभेचं वय झालेलं दिसत नाही."

"पुरे!" धाकटी ओरडली. ती कधी ओरडत नसे, त्यामुळे दोघेही तिच्याकडे वळले. "भांडून टेप येणार आहे का? टेप नसली म्हणून काय पाणी खोटं झालं? तुटक्या पायरीखाली हात घाला, अजून गार लागतं. ते तर कुणी चोरलं नाही ना?"

"पाणी दाखवलं की ते म्हणणार नळाची गळती," इंजिनिअर साहेब म्हणाले. "पाणी काय, कुठेही दिसतं."

तपासनीस ऐकत होता आणि कपाटाकडे बघत होता. किल्ली मावशीच्या दारामागच्या खिळ्याला असे, हवी त्यानं न्यावी. काल कोण कोण आलं होतं ते त्यानं मावशीला विचारलं.

"हे तिघं. मग रंगारीणबाईंची सून, टेबलावरची चादर इस्त्री करून द्यायला. आणि दुपारी ठेकेदाराचा माणूस. गोड बोलत होता मेला. 'काय काय जमवलंय बघू तरी,' म्हणाला."

"सापडला चोर," फोटोवाला म्हणाला. "स्लॅब घालायचं कंत्राट कुणाला मिळणार? त्यालाच ना?"

सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम हुशारी आली. बाहेरचा चोर मिळाला की माणसाला किती बरं वाटतं ते तपासनिसाला कामातून ठाऊक होतं.

"मावशी, टेप लावायच्या आधी तुम्हाला उलटी फिरवावी लागली का?"

"लागली की. नेहमीसारखी."

तपासनिसाचा चेहरा पडला. बाईंचा एक नियम होता. साऱ्या जगात लोक कॅसेट ऐकून झाली की उलटी फिरवून पुन्हा सुरुवातीला आणून ठेवतात. इथे तसं चालत नसे. रेडिओत काम केलेल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की टेप संपेपर्यंत जाऊ द्यावी आणि तशीच ठेवावी, म्हणजे आवाज टिकतो. ऐकायच्या वेळी उलटी फिरवायची, आणि ऐकून झालं की पुन्हा शेवटाला नेऊन ठेवायची. कुणी विसरलं की ती शाळेतल्यासारखे कान उपटायची.

"ठेकेदाराच्या माणसानं टेप खिशात घातली असती आणि चालू पडला असता," तो म्हणाला. "बदली कॅसेट ठेवायची झालीच तर जगाच्या रीतीनं ठेवली असती. ही कॅसेट आपल्या रीतीनं ठेवलीय. वर आत पाण्याचा आवाज आहे. म्हणजे मागच्या खोक्यातली, बाईंनी नुसतं पाणी भरून ठेवलेली. तिची प्रत्येक टेप थोड्या पाण्यानंच सुरू होते. कुणी घाईत लावून बघितली असती तर फसलं असतं."

"म्हणजे?" इंजिनिअर साहेबांनी विचारलं.

"म्हणजे ज्यानं नेली त्याला ही खोली घरासारखी माहीत आहे. तो आता इथेच उभा असेल."

फोटोवाल्याच्या दातांतली चिकटपट्टी खाली पडली.

३

इंजिनिअर साहेबांच्या बैठकीच्या खोलीत ओढ्याचा नकाशा काचेत लावलेला होता. पहिला स्लॅब पडला तेव्हाचा. खाली कोपऱ्यात त्यांचीच सही. त्या नकाशावर झरा कुठेही नव्हता.

"आलात?" ते म्हणाले. "मला ठाऊक होतं, पहिला नंबर माझाच."

"नकाशात झरा नाही, साहेब. टेपमध्ये आहे. उद्या ती वाजली असती तर समिती म्हणाली असती, नकाशा चुकला."

"म्हणू दे की!"

"म्हणू दे काय?" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अहो, पाहुण्यांना सांगा ना, आठवडाभर जेवण गोड लागत नाहीये ते! झोपेतसुद्धा नकाशाच बडबडतात."

"तू जरा आत थांब."

"आतच आहे मी."

साहेब खुर्चीत बसले. राग उतरला तसे ते एकदम म्हातारे दिसायला लागले. "खरं सांगतो. मला ती टेप हवीच होती. तीनदा ऐकलीय मी. तुमची मिसेस शेवटी शेवटी मला म्हणाली होती, 'साहेब, झऱ्याची जागा रंगारीणबाईंच्या टेपमध्ये आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा ऐकली.' म्हटलं, दाखव. जागा सापडली तर मी स्वतः नकाशावर टिंब काढीन. पण टेपमध्ये जागा नाहीये हो! झरा होता म्हणते, आजेसासू तिथलंच पाणी आणायची म्हणते, नळ नव्हते तेव्हाचं आहे म्हणते. कुठे ते विचारलं की हसण्यावारी नेते. शेवटी 'झालं आता, पुरे' म्हणते. संपलं."

"त्यानंतर काय आहे?"

"त्यानंतर काय असणार? पाणी. बटण दाबून टेप पळवली शेवटाला, नियमाप्रमाणे, आणि ठेवली डबीत." ते थोडे थांबले. "बाईंचा काहीतरी गैरसमज झाला असणार. आजारी माणूस. राग मानू नका."

तपासनिसाला राग आला नाही. त्याला भीती वाटली. त्याची बायको नकाशात चूक काढायची, बातम्यांत चूक काढायची, नवऱ्याच्या पगाराच्या हिशेबातसुद्धा चूक काढायची. आजारी पडली म्हणून ती न ऐकलेलं ऐकलं म्हणणारी नव्हती.

मग जागा होती कुठे?

४

फोटोवाल्याच्या दुकानात एक गृहस्थ पांढऱ्या पडद्यासमोर ओळखपत्राच्या फोटोला बसले होते.

"हनुवटी खाली. अजून. अहो, इतकी नाही, साहेब पोलीस नाहीत." फोटोवाल्यानं तपासनिसाकडे न बघताच सुरू केलं. "विचारा. ठेकेदाराच्या माहितीपुस्तकाला फोटो मी काढलेत. सगळ्यांना माहितीय. पोट आहे मला. म्हणून मी चोर?"

"मी काही म्हणालो का?"

"तुम्ही म्हणत नाही हो, तुम्ही बघता. ते जास्त वाईट. बाई म्हणायच्याच."

"काय म्हणायच्या?"

"काही नाही." त्यानं बटण दाबलं, प्रकाश लखकन झाला. "टेप मी एकदाच ऐकली. ऐकली म्हणजे, चालू होती आणि मी फोटो कापत होतो. मला कान नाहीत, साहेब, डोळे आहेत. 'झालं आता, पुरे' म्हणाली म्हातारी, मी टेप पळवली. झरा कुठे बिठे मला आजही ठाऊक नाही. ठाऊक असता तर पहिला फोटो त्याचाच नसता का लावला?"

हे खरं होतं. पंपघराच्या भिंतीवर ओढ्याच्या वळणाचे ढीगभर फोटो होते, पण कुठल्याच फोटोखाली झरा लिहिलेलं नव्हतं.

शेवटचं घर रंगारीणबाईंच्या सुनेचं. रंगाचा धंदा कधीच बंद झाला होता, आता तिथे इस्त्रीचं दुकान होतं. सून एका शर्टाच्या बाह्या दाबत होती.

"टेप मी मागितली होती, खरंय," ती म्हणाली. "बाईंना म्हटलं, सासूबाईंचा आवाज आहे, घरी असू दे. नाही म्हणाल्या. रुसले होते मी. पण चोरून आणून करणार काय? अजून एकदासुद्धा ऐकायचं धाडस झालं नाही."

तपासनीस खाली बघत म्हणाला, "माझंही नाही."

सुनेनं शर्टाची दुसरी बाही पुढे ओढली. इस्त्रीचा वास येत होता.

"झरा नक्की कुठे ते सासूबाईंनी तुम्हाला तरी सांगितलं असेल?"

"मला?" सून हसली. "मुलाला नाही सांगितलं, मला सांगतात! रंग ज्या पाण्यात धरतो ते पाणी घरचं गुपित असतं, दादा. दुसऱ्या रंगाऱ्याला कळलं की धंदा बसला. आम्हाला म्हणायच्या, 'तुम्हाला इस्त्रीचा नाद, तुम्हाला काय करायचंय?' भल्या पहाटे एकट्याच घागरी भरून आणायच्या. धंदा गेला तरी तोंडाचं कुलूप काही उघडलं नाही."

तपासनीस उठला. दारात त्याचा पाय अडखळला. त्याच्या कानात एक वाक्य वाजलं होतं, सकाळचं, गोंधळातलं, कुणीच लक्ष न दिलेलं.

५

तो घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. सकाळचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

बायको म्हणाली, जागा टेपमध्ये आहे. इंजिनिअर म्हणाले, नाही. दोघंही खोटं बोलणारी नव्हती. म्हणजे जागा टेपमध्ये होती, पण साहेबांनी ऐकलं त्याच्या पुढे. 'झालं आता, पुरे' च्या नंतर. जिथून साहेबांनी आणि फोटोवाल्यानं टेप पळवली, तिथे.

हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं होतं असं त्याला वाटलं, कारण ती युक्ती त्याचीच होती. लग्न नवं असताना तो तिला कामाच्या गोष्टी सांगायचा. माणूस जबानी देताना तोलून मापून बोलतो. आपण कागद मिटले, उठलो, दारापर्यंत गेलो, की मग खरं बोलतो. म्हणून उठायची घाई करायची नाही. तिनं ते तेव्हा हसून ऐकलं होतं. पुढे रेकॉर्डर घेतल्यावर मात्र मुलाखत संपली तरी ती बटण बंद करत नसे.

टेप पळवणाऱ्यांना जागा कळली नाही. सुनेनं टेप ऐकलीच नव्हती, आणि तिला इथला नियमही ठाऊक नव्हता. मावशीनं ऐकली ती बदललेली. वस्तीत कुणालाच जागा माहीत नव्हती. आणि आज सकाळी एकजण म्हणालं होतं, तुटक्या पायरीखाली हात घाला, अजून गार लागतं.

 चोर सापडूनही आनंद झाला नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

धाकटीनं दार उघडलं आणि त्याच्याकडे बघून आतच सरकली. "भाऊजी, या. पाणी देऊ?"

"पायरीचं तुला कुणी सांगितलं?"

"कुठल्या पायरीचं?"

"धाकटे."

"ताईनं सांगितलं असेल कधीतरी."

"तिनं सांगितलं असतं तर तू महिनाभर गप्प बसली नसतीस. इंजिनिअर जागा कुठे, जागा कुठे म्हणून रोज डोकं खात होते. तू एकदाही बोलली नाहीस. म्हणजे तुला कळलं ते काल. काल तू उद्यासाठी तुकडा निवडायला बसलीस, आणि तुझ्या ताईनं शिकवलं तसं, न पळवता, शेवटपर्यंत ऐकलंस."

धाकटी भिंतीला टेकली. मग खालीच बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"मी परत ठेवणार होते हो, भाऊजी. आईशप्पथ. शेजारच्यांच्या मशीनवर नुसती मुलाखत उतरवून घेणार होते, तेवढीच उद्या लावायची म्हणून. त्यांचं मशीन टेप खायला लागलं. घाबरून थांबवलं. सकाळी लवकर जाऊन ठेवावी म्हटलं, तर मावशी माझ्या आधी. आणि मग तुम्हीच तपासाला उभे! मी कुठल्या तोंडानं सांगणार?"

"पण शेवट का कापायचा होता तुला? जागा तर शेवटातच आहे."

"म्हणून तर!" तिनं वर बघितलं. "जागा आहे आणि त्याच्या पाठोपाठ ताई आहे. चार परक्या माणसांत, खुर्चीवर बसून तुम्ही ते ऐकायचं? मला बघवलं नसतं."

"काय आहे त्यात?"

धाकटी उठली. पिठाच्या डब्यामागून तिनं फडक्यात गुंडाळलेली कॅसेट काढली आणि त्याच्या हातात दिली.

"मी नाही सांगू शकत. तिचं तिलाच विचारा."

६

रेकॉर्डर धाकटीच्या जेवणाच्या टेबलावर होता. तपासनिसानं कॅसेट उलटी फिरवली. बटण दाबायला त्याला बराच वेळ लागला. धाकटी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

आधी पाणी. मग बायकोचा आवाज. तो ऐकताच त्यानं टेबलाची कड धरली. ती नेहमीसारखीच होती, जराशी शिक्षिका, जराशी खट्याळ. रंगारीणबाई रंगांबद्दल बोलली, पुराबद्दल बोलली, आजेसासूबद्दल बोलली. मग म्हणाली, "झालं आता, पुरे." पावलं वाजली. पाणी मोठं झालं.

"आता बंद केलंत ना ते?"

"तुम्ही बोला हो."

"ही पायरी तुटलीय ना, हिच्या खाली घाला हात. घाला की, चावत नाही."

छपकन आवाज. मग बायकोची किंचाळी. "अगं आई गं! बर्फ आहे!"

"हेच आमचं पाणी. मला आजेसासूनं दाखवलं. नळ नव्हते तेव्हा. निळा रंग धरावा तर इथेच."

"सुनेला नाही सांगितलंत आणि मला सांगताय?"

"तुम्ही थोड्याच कपडे रंगवणार आहात!"

दोघी खूप हसल्या. हसता हसता बायकोला खोकला लागला.

"मघापासून बघतेय, सारखा कुशीला हात जातोय तुमचा. काय होतंय?"

पाणी वाहत राहिलं. तपासनिसाला वाटलं, टेप संपली.

"डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत."

"घरी?"

"घरी नाही सांगितलं. आमचे हे जन्मभर लोकांच्या तोंडाकडे बघत आले, खरं काय, खोटं काय. एकदा कळलं की माझ्याकडेही तसंच बघतील, सकाळी डोळे उघडल्यापासून. हा एक उन्हाळा त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखं बघावं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"पेपरवरून. म्हणजे बघतच नाहीत म्हणा ना!" ती पुन्हा हसली. "तोवर त्यांना चहा शिकवतेय. चहा जमला की सांगेन, असं ठरवलंय."

"मग, जमतोय?"

"कुठलं हो! काल साखर दोनदा घातली. बरंच आहे. जितका उशीर लागेल तितका बरा."

तपासनिसानं डोळे मिटले. पावसाळा संपता संपता एका सकाळी तिनं त्याच्या हातचा कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला होता. "आज झक्क झालाय," म्हणाली होती, कप खाली ठेवला होता आणि मग सांगितलं होतं. चहाचं कौतुक त्या दिवशी कशाला, हे त्याला कधीच उलगडलं नव्हतं.

टेपमध्ये काहीतरी खडखडलं.

"अगं बाई, हे चालूच की!"

"पुसून टाका ना मग."

"नको. राहू दे. ह्यांनीच शिकवलंय मला, बंद करायची घाई करायची नाही. ऐकतील कधीतरी."

त्यानंतर कुणी बोललं नाही. नुसतं पाणी, मग बटण टक्कन वर आलं.

धाकटी अजून पाठमोरीच होती. "मला वाटलं, तिनं तुमच्या आधी त्या म्हातारीला सांगितलं, हे तुम्हाला लागेल."

"लागलं," तो म्हणाला. नाक पुसायला त्याला रुमाल सापडेना, तेव्हा तिनं पदराचंच टोक पुढे केलं. "पण ते माझ्यासाठी ठेवलेलं होतं, धाकटे. उद्या पूर्ण वाजवायची."

"सगळ्यांसमोर?"

"जागा दाखवायची तर ते आलंच. टेप कापली की ते म्हणणार, कापलेली टेप आम्हाला चालत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो."

७

समितीच्या अध्यक्षबाई मधल्या खुर्चीवर बसल्या. सुनेनं इस्त्री केलेली चादर टेबलावर होती. टेप कशी परत आली ते कुणीतरी विचारलं तेव्हा 'चुकून दुसऱ्या डबीत गेली होती' असं तपासनिसानं सांगितलं. जन्मभरात त्यानं दिलेला हा पहिला खोटा अहवाल.

'झालं आता, पुरे' आलं आणि सवयीनं फोटोवाल्याचा हात बटणाकडे गेला. मावशीनं त्याच्या हातावर चापट मारली.

तुटकी पायरी आली. इंजिनिअर साहेब खुर्चीत पुढे सरकले. सासूचं हसू ऐकून सून रडता रडता हसली. मग तो खोकला आला, आणि कुशीला हात आला. अध्यक्षबाईंना कळलं की हे आता घरचं आहे. त्यांनी हळूच हात पुढे केला.

"बंद करू का? आम्हाला हवं ते मिळालंय."

 खोलीतलं प्रत्येक माणूस तपासनिसाकडे बघत होतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "इथला नियम आहे. शेवटपर्यंत."

चहाची गोष्ट आली तेव्हा खोलीत कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तो इंजिनिअर साहेबांचाच आवाज होता. बटण वर आलं तेव्हा खिडकीबाहेरचं पाणी ऐकू येत होतं, आणि टेप नक्की कधी संपली हे कुणाला सांगता आलं नसतं.

मग सगळे खाली उतरले. अध्यक्षबाईंच्या आधी इंजिनिअर साहेबच पायरीपाशी बसले, गुडघे कुरकुरत असताना, आणि त्यांनी दगडाखाली कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ तसेच बसले.

"गार आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पेन द्या," साहेब म्हणाले. "नकाशावर टिंब काढायचंय."

अध्यक्षबाईंनीही हात घातला, झटकन बाहेर काढला, आणि सोबतच्या कारकुनाला सांगितलं, "लिहा. या भागावर स्लॅब नाही."

कॅसेट तपासनिसानं स्वतः काढली. ती शेवटाला होती तशीच त्यानं डबीत ठेवली. सुनेला म्हणाला, "आता कॉपी दोन काढायच्या. एक तुमच्या घरी."

संध्याकाळी धाकटी त्याच्याकडे आली. त्यानं चहा केला, दोन कप आणले, समोर बसला. धाकटीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अहो भाऊजी, साखर दोनदा घातलीत."

"माहितेय," तपासनीस म्हणाला, आणि आपला कप सावकाश प्यायला लागला.